अवधूताचा एकांत आणि आपला



मागच्या दत्तजयंतीला महाप्रसादाची शेवटची पंगत उठल्यावर आम्ही वाढपी मंडळी मंडपाच्या मागे आपापली ताटे घेऊन बसलो होतो. आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी मोबाईल काढून एक जाहिरात दाखवली. मुरबाडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, तीन दिवसांचे निसर्ग शिबिर. वीज नाही, मोबाईल नाही, टीव्ही नाही. मातीची खोली, चुलीवरचे जेवण, पहाटे ध्यान, संध्याकाळी मौन. खाली दर लिहिलेला होता. नवरा-बायको दोघांचे मिळून माझी महिन्याची निम्मी पेन्शन गेली असती. "वीजच नाही तर एवढे पैसे कशाचे घेतात हो?" असे कोणीतरी म्हणालेच. सगळे हसले.

पण त्या गृहस्थांचा प्रश्न खरा होता. मुलाने पैसे भरायची तयारी दाखवली होती, आणि यांचे मन होत नव्हते. ते मला म्हणाले, "काका, जावं का? याला आपल्या संप्रदायात काही आधार आहे का? की हे सगळं नवं खूळ?"

मी काही शास्त्री नाही. बी.कॉम. झालो आणि चौतीस वर्षे बँकेत कारकुनी केली. काउंटर, लेजर, क्लिअरिंग, यातच केस पांढरे झाले. त्यामुळे तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. नंतर मात्र पोथ्या काढून बसलो, आणि स्वतःही तीन रात्री बिनविजेच्या जागी राहून आलो. त्यातून जे हाती लागले ते या अंकासाठी लिहितो आहे. चुकले असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आधार आहे का? भरपूर आहे. दत्तसंप्रदायात एकांताची जागा नाही असे एकही स्थान सापडणार नाही. गिरनार पाहा, औदुंबर पाहा, श्रीशैलजवळचे कर्दळीवन पाहा. आपल्या ठाणे जिल्ह्यातच मुरबाड तालुक्यात देहरी गावावर गोरखगड उभा आहे. गोरक्षनाथांच्या साधनेची जागा म्हणून ते नाव पडले असे सांगतात. शेजारी मच्छिंद्रगडाचा सुळका. नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथांना अनुग्रह झाला तो दत्तात्रेयांचाच, म्हणून दत्तभक्ताला हे दोन डोंगर परके नाहीत. पन्नाशीत असताना मी एकदा गोरखगडाच्या गुहेपर्यंत गेलो होतो. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, वर प्रशस्त गुहा, जवळ पाण्याची टाकी, आणि समोर एकदम दरी. तिथे बसल्यावर माणूस आपोआप गप्प होतो. आता गुडघे ऐकणार नाहीत.

पण एक गोष्ट गुरुचरित्र वाचताना नीट लक्षात घ्यावी. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींनी वैजनाथला शिष्यांना तीर्थयात्रेला धाडले आणि स्वतः तिथे वर्षभर गुप्त राहिले. पुढे भिलवडीजवळ कृष्णाकाठी, औदुंबराखाली चातुर्मास केला. हा झाला एकांत. त्यानंतर वाडीला बारा वर्षे, आणि मग गाणगापूर. म्हणजे एकांत थोडा आणि लोकांमधला वास फार. गाणगापुरात तर राहायला मठ गावात, आणि अनुष्ठानाला जायचे भीमा-अमरजेच्या संगमावर. रोज जाणे, रोज येणे. वाटेवरच्या शेतात काम सोडून रोज नमस्कार करणाऱ्या शेतकऱ्याची कथा सर्वांना ठाऊक आहेच. महाराजांच्या त्या रोजच्या जाण्यायेण्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आपण त्या शेतातल्या पिकाचा चमत्कार वाचतो आणि पुढे जातो.

दुसरे उदाहरण संत एकनाथांचे, आणि हिशेबाच्या माणसाला ते जास्तच जवळचे. नाथांचे गुरु जनार्दनस्वामी हे दत्तभक्त, आणि देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी. गुरुवारी स्वामींच्या उपासनेसाठी किल्ल्याचा कारभार बंद असे म्हणतात. नाथ तिथे हिशेब लिहायला होते. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिव्याखाली बसून नाथांनी ती पै शोधून काढली आणि आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागे उभे होते. एका पैसाठी जे लक्ष लावलेस ते भगवंताकडे लागले तर काय होईल, असे ते म्हणाले, आणि पुढे नाथांना शूलिभंजन पर्वतावर अनुष्ठानाला पाठवले. खुलताबादच्या बाजूला हा डोंगर आहे, वर दत्ताचे स्थान आहे.

ही कथा मी कितीतरी कीर्तनांत ऐकली. कीर्तनकार टाळीवर थांबतात. बँकेत वर्षअखेरीला रात्री अकरा वाजता बारा आणे जुळत नसल्याचा अनुभव ज्याला आहे, तो त्या टाळीचा आनंद जाणतो, हे खरेच. पण मला नंतर वेगळेच वाटू लागले. स्वामींनी नाथांना डोंगरावर पाठवले ते हिशेब वाईट म्हणून नाही. लक्ष कसे लावायचे हे नाथ हिशेबाच्या गादीवरच शिकले होते. डोंगरावर त्या लक्षाची दिशा बदलली, एवढेच. आणि अनुष्ठान झाल्यावर, तीर्थयात्रा झाल्यावर, गुरूंची आज्ञा काय? पैठणला जा, संसार कर. नाथांनी गिरिजाबाईंबरोबर भरला संसार केला. दारी अतिथी, घरी मुले, गावात निंदक. आणि त्याच गृहस्थाने अवधूताच्या चोवीस गुरूंचे सगळे प्रकरण मराठीत उलगडून सांगितले. एकनाथी भागवत १५७३ साली काशीत पुरे झाले.

आता माझे सांगतो.

बँकेतल्या एका मित्राची म्हशाच्या पुढे थोडी जमीन आहे. तिथे एक कौलारू खोली आहे, बाहेर ओटा, मागे विहीर. विजेचा मीटर अजून आलेला नाही. मार्गशीर्षात आम्ही दोघे तिथे गेलो. डोंबिवलीहून कल्याण, कल्याणहून एसटीने मुरबाड, पुढे जीप. घरून निघताना माझी अट होती की फोन बंद ठेवायचा. मोठ्या रुबाबात बंद केला आणि पिशवीच्या तळाशी घातला. पहिल्या दोन तासांत तो पाच वेळा काढून पाहिला. बंद आहे हे माहीत असून! हात आपोआप जायचा.

पहिली रात्र वाईट गेली. दिवस मावळल्यावर एवढा काळोख पडतो हे आपण शहरवाले विसरलो आहोत. २००५ च्या सुमारास आपल्याकडे भारनियमन होते तेव्हा रोज दोन-चार तास आपण असल्याच शिबिरात राहत होतो, तेही फुकट, आणि महावितरणला शिव्या देत होतो. असो. रातकिडे चालू होते, कौलावर काहीतरी सरपटले, मित्र घोरत होता. आणि माझे मन? डोक्यात दत्तनाम यावे असे वाटत होते. आले काय, तर १९९४ सालची कॅश. काउंटरवर दोन हजार कमी पडले होते, मी खिशातून भरले होते, आणि शेजारच्या काउंटरवाल्यावर मनातल्या मनात संशय घेतला होता. त्याचे माझे पुढे कधी धड बोलणे झाले नाही. हे सगळे इतकी वर्षे कुठे दबा धरून बसले होते कोण जाणे. टीव्ही नाही, पेपर नाही, तेव्हा मनाने जुनी लेजरे काढली. निर्जन जागी गेल्यावर शांतता लगेच मिळते असे जे सांगतात, त्यांनी बहुधा पहिली रात्र मोजलेली नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र काहीतरी सैल झाले. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत वालाचे हिरवे कोंब वर आलेले, समोर गोरखगड. मी ओट्यावर बसून होतो. जप करत होतो असेही नाही, माळ हातात होती. ऊन खाचरातून सरकत होते ते पाहत होतो. अवधूताने पृथ्वीला पहिला गुरु केला त्याचे कारण पोथीत क्षमा म्हणून दिले आहे. नांगरा, खणा, तुडवा, ती देतच राहते. इतक्या पारायणांत मी ते वाक्य वाचून पुढे गेलो असेन. त्या दुपारी ते वाचले नाही, समोर दिसले. चहा किती वाजता, याची आठवणही झाली नाही. साठी ओलांडल्यावर अशी दुपार मला प्रथमच मिळाली, हे कबूल करतो.

संध्याकाळी गावातली एक बाई डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. पन्नाशीची असेल. भारा टेकवून दम खायला थांबली. "कुठलं तुम्ही?" म्हणाली. मी म्हटले, डोंबिवलीचे. "इथं काय काम काढलं?" मी म्हटले, "काम नाही, जरा शांत बसायला आलोय." तिने माझ्याकडे, मग माळेकडे पाहिले. "मंग घरचं कोन बगतं?" म्हणाली. टोमणा नव्हता. सरळ विचारले. मी म्हटले, बायको आहे. "हां," म्हणाली, आणि भारा उचलून गेली.

चोवीस गुरूंच्या यादीत ती बसत नाही. पण तो प्रश्न मला तिसऱ्या रात्री कॅशपेक्षा जास्त टोचला.

घरी माझी आई आहे, वय अठ्ठ्याऐंशी. खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर. माझ्या जाण्याची तयारी सौ.ने केली होती, चिवडाही बांधून दिला होता. मी परत आलो तर घरात आयोडेक्सचा वास. दुसऱ्या रात्री आईचे पोट बिघडले होते. तिला रात्रीतून चार वेळा उचलावे लागले, एकदा ती पलंगावरून घसरली, आणि सावरताना हिचा मनगटाचा सांधा लचकला. शेजारचा मुलगा धावून आला म्हणून निभावले. मला फोन केले होते. फोन पिशवीच्या तळाशी, बंद. त्याच दुपारी मी ओट्यावर बसून पृथ्वीची क्षमा पाहत होतो!

ही काही बोलली नाही. चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं वाटलं ना तिकडे?"

त्याच संध्याकाळी आईने चौथ्यांदा हाक मारली तेव्हा मी खेकसलो. तीन दिवसांची शांतता घरात अर्धा तासही टिकली नाही.

पुढच्या गुरुवारी भागवताचा अकरावा स्कंध काढला. यदु राजा आणि अवधूत यांचा संवाद सात, आठ आणि नऊ या तीन अध्यायांत आहे. श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. सातव्यात पृथ्वीपासून कबुतरापर्यंत आठ गुरु, आठव्यात अजगरापासून पिंगलेपर्यंत नऊ, आणि नवव्यात शेवटचे सात. पूर्वी मी चोवीस नावे पाठ करण्यावर समाधान मानले होते. या वेळी एकच शोधत होतो. एकांत अवधूताला कोणी शिकवला?

त्याचे उत्तर नवव्या अध्यायात आहे, आणि ते कोण्या अरण्यातले नाही. एक कुमारिका. घरात एकटी, आई-वडील बाहेर गेलेले. तिला मागणी घालायला पाहुणे दारात आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडायला बसली. हातात शंखाच्या बांगड्या, त्या कांडताना खणखणू लागल्या. बाहेर ऐकू गेले तर घरची गरिबी उघडी पडणार, मुलीला स्वतः कांडावे लागते हे पाहुण्यांना कळणार. म्हणून तिने एकेक बांगडी उतरवली. दोन-दोन ठेवल्या, तरी आवाज झाला. मग एकेकच ठेवली. आवाज थांबला. अवधूत जगात भटकता भटकता तिथे पोचला होता, त्याने हे पाहिले आणि बोध घेतला. पुष्कळ एकत्र आले की कलह, दोघे आले की गप्पा, म्हणून एकटे असावे.

प्रवचनांत शेवटचे वाक्यच सांगतात. एकटे राहावे. पण अवधूताने पाहिले ते पुन्हा पाहा. ही मुलगी घर सोडून कुठे गेलेली नाही. दारात पाहुणे आहेत, कांडण चालूच आहे, काम थांबलेले नाही. तिने माणसे कमी केली नाहीत, आवाज कमी केला. पाहुणे जेवलेही असणार! एकांताची गुरु ही स्वयंपाकघराच्या दारातली पोर आहे, आणि ती दुसऱ्यासाठी राबत असताना गुरु झाली.

तिच्या लगेच पुढचा गुरु बाण करणारा कारागीर. तो तर भर रस्त्यावर. समोरून राजाची स्वारी वाद्ये वाजवत गेली तरी बाण सरळ करण्यात गुंतलेल्या त्या माणसाला पत्ता नाही. हा मला पुस्तकात भेटण्यापूर्वी लोकलमध्ये भेटला होता. आमच्या डब्यात एक गृहस्थ असत, रेल्वेचेच कर्मचारी. डोंबिवलीला उभे, दादरपर्यंत उभे. डब्यात एका टोकाला भजनी मंडळाचे टाळ, दुसऱ्या टोकाला पत्त्यांचा डाव, मध्ये धक्काबुक्की. यांचे ओठ हलत. कोणी पायावर पाय दिला तर "राहू द्या" म्हणून पुन्हा चालू. मी त्यांना एकदा विचारले, एवढ्या गर्दीत जमते कसे? ते म्हणाले, "घरी दोन खोल्यांत सात माणसं. मला हाच एक तास एकट्याला मिळतो." तेव्हा मला ते विनोदाने बोलले असे वाटले होते.

आता कोणी म्हणेल, कबुतराचे काय? सातव्या अध्यायात कबुतर-कबुतरीण पिल्लांच्या मोहात पारध्याच्या जाळ्यात आपणहून पडतात. ती कथा वाचून आपल्यासारखे संसारी लोक घाबरतात. घर सोडायला सांगतायत की काय! मला तसे वाटत नाही. कबुतराने पिल्ले वाढवली हा त्याचा दोष सांगितलेला नाही. जाळे समोर दिसत असताना त्याने भान सोडले, हा दोष. आईची सेवा करणे हे जाळे नाही. आई हाक मारते म्हणून चिडचिड करणे, हे जाळे. माझ्या बुद्धीप्रमाणे मी असा अर्थ लावला, विद्वानांचा वेगळा असू शकेल.

मंडळात आणखी एक प्रश्न वारंवार येतो, तो इगतपुरीच्या विपश्यनेचा. आपल्याकडून कसाऱ्याचा घाट चढला की इगतपुरी, म्हणून कल्याण-डोंबिवलीचे पुष्कळ लोक जातात. सत्यनारायण गोयंका हे मूळचे ब्रह्मदेशातले भारतीय व्यापारी. ते १९६९ साली भारतात येऊन शिकवू लागले आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. दहा दिवसांचे शिबिर, पहाटे चारला घंटा, रात्री नऊपर्यंत कार्यक्रम. दहाव्या दिवसापर्यंत मौन, फोन-पुस्तक-वही सगळे जमा. शुल्क नाही, पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालते. भक्तांची अडचण अशी की तेवढे दिवस जप, माळ, पूजा, पोथी बाजूला ठेवायला सांगतात. "दत्तमहाराज रागावतील का?" असे एका आजींनी मला विचारले होते. महाराज रागवायचे असते तर नाथांना हिशेब लिहिताना आधी रागावले असते. पण ज्याचे मन माळेशिवाय दहा दिवस कासावीस होईल त्याने जाऊ नये, किंवा तिथे जाऊन चोरून जप करू नये. एका घरचे नियम मान्य नसतील तर तिथे पाहुणे म्हणून का राहावे? आणि एक गंमत सांगतो. गोयंकांचे गुरु ऊ बा खिन हे ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथले महालेखापाल होते, म्हणजे सरकारी हिशेबखात्याचे सर्वोच्च अधिकारी. आपल्या कचेरीतल्या माणसांना ते ध्यान शिकवत. देवगिरी काय, रंगून काय, हिशेबाच्या गादीवरून या वाटेला लागलेले लोक बरेच दिसतात. आम्हा बँकवाल्यांना तेवढाच धीर.

ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. वर्षातून दोन-तीन दिवस वीज आणि फोन यांच्यापासून लांब राहिले तर मनात काय साठले आहे ते निदान कळते. माझी १९९४ ची कॅश तशीच तर वर आली. त्या काउंटरवाल्यांचा नंबर मिळवून मी फोन केला. त्यांना तो दिवस आठवतही नव्हता. तास-दीड तास गप्पा झाल्या. जाताना रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, बॅटरी घ्या, रात्री चप्पल झटकल्याशिवाय पाय घालू नका, एकटे जाऊ नका. फोन बंद करायचा तर शेजारच्या गावातला, निरोप पोचवणारा एक नंबर घरी लिहून ठेवा. हे मी केले नव्हते.

आणि ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी सप्ताह आहेच. गुरुचरित्राच्या सप्ताहाचे नियम आठवा. ठरलेली वेळ, एकच आसन, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड, वाचताना मध्ये बोलायचे नाही, साधे अन्न, जमिनीवर चटईवर झोप, सात दिवस. हे शिबिर नाही तर काय आहे? फक्त आपण त्यातला वाचनाचा नियम पाळतो आणि बाकीचे सात दिवस फोन शेजारी ठेवून बसतो. आमच्याकडे गेल्या खेपेला चौदाव्या अध्यायाच्या मध्येच कर्ज हवे का म्हणून फोन आला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला!

पण पारायणातही तोच प्रश्न आहे, जो बांधावरच्या बाईने मला विचारला. सात दिवस यजमान आसनावर. सोवळ्याचा स्वयंपाक कोण करते, दूध कोण आणते, दारावरची बेल वाजली की कोण उठते? हिशेब लिहायचा तर जमेची बाजू एकाच्या नावावर आणि नावेची बाजू दुसऱ्याच्या. असा ताळेबंद आमच्या साहेबांनी सहीला घेतला नसता.

म्हणून मी घरात एक व्यवस्था केली. दर गुरुवारी सकाळी आठ ते अकरा आईपाशी मी. पुसणे, अंग बदलणे, पेज भरवणे, सगळे. पहिल्या दोन गुरुवारी हिने आतून तीनदा विचारले, "जमतंय ना?" मग तिला सांगितले की तू घरात थांबायचेच नाही. पहिला महिना फार चुका झाल्या. पेज सांडली, आईने मला "तुला काही येत नाही" म्हणून बोलून घेतले. पण चमचा भरायचा, तोंडाशी न्यायचा, ती गिळेपर्यंत थांबायचे, मग दुसरा. घाई केली तर ठसका लागतो. वीस मिनिटांच्या जेवणाला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात दुसरा विचार करता येत नाही. बाण करणारा कारागीर मला आता थोडा थोडा कळतो.

माझी समजूत होती की ही तीन तास देवळात जाते, आरती करून येते. दोन-तीन महिन्यांनी सहज विचारले, "आज देवळात गर्दी होती का?" ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "मी दर वेळी देवळात जातेच असं नाही. बागेत त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसते." मी विचारले, "काय करतेस?" "काही नाही," म्हणाली. "बसते. झाडावर कावळ्यांनी घरटं बांधलंय."

मंडळातल्या त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले. ते या जानेवारीत शिबिराला जाणार आहेत. मुलाला सांगून त्यांनी नावे बदलून घेतली. आधी त्यांची पत्नी आणि मेहुणी जाणार, ते मार्चमध्ये.